दत्तादा, तुम्ही खरवडलेला थर

दत्तादा,

वहिनींनी तुमचा एक्स-रे माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तू शिकलेली आसस. बघ काय ता." मी तो पडवीत उजेडाकडे धरला. मी रसायनशास्त्र शिकले, डॉक्टरकी नाही. तरी दोन्ही बाजूंना वरच्या भागात पांढरे ठिपके होते, पीठ सांडल्यासारखे, ते मला दिसले. "काय कळता?" वहिनींनी विचारलं. "नाही वहिनी, डॉक्टरच सांगू शकतील," मी म्हटलं. एक्स-रे परत पाकिटात घातला आणि डॉक्टरांना दाखवायला म्हणून बरोबर घेतला.

तुम्हाला जाऊन तेव्हा पाच दिवस झाले होते. मी घरी आले आणि कारखान्यातल्या माझ्या जुन्या वह्या काढल्या. कुठल्या तारखेला आतली सफाई झाली, किती तास लागले, कोण आत उतरलं, हे सगळं माझ्याच अक्षरात होतं. जवळजवळ प्रत्येक ओळीत तुमचं नाव. तुमच्याबरोबर कधी तुमचा मदतनीस बाबी, कधी कुणीच नाही. सहा वर्षांच्या वह्या होत्या. अर्ध्यावर आल्यावर मी मोजायचं सोडून दिलं.

मी पहिल्यांदा कणकवलीजवळच्या नांदगावच्या स्टेशनवर उतरले ते साल दोन हजार दोन. मिरजेहून आलेली, सव्वीस वर्षांची, आणि तुमच्या मालवणीतलं एक अक्षर कळत नव्हतं. आत माळावर पत्र्याच्या शेडमध्ये तो छोटा कारखाना होता. डोंगरातल्या लाल-पिवळ्या मातीत थोडंसं निकेल असतं, ते तेजाबाने विरघळवून बाहेर काढता येतं का, हे आम्हाला तिथं करून दाखवायचं होतं. मातीची राबडी आणि तेजाब एका जाड, आडव्या, बंद भांड्यात घालायचं, वर वाफ सोडायची, प्रेशर कुकरसारखं. आम्ही कागदावर त्याला ऑटोक्लेव्ह म्हणायचो, तुम्ही सगळे हंडो म्हणायचात. पंधरा दिवसांत मीसुद्धा हंडाच म्हणायला लागले.

निकेल विरघळायचं, पण मातीतलं लोखंड, अ‍ॅल्युमिनियम आणि वाळूचा अंश विरघळून पुन्हा घट्ट व्हायचा आणि भांड्याच्या भिंतीवर बसायचा. तीन आठवड्यांत बोटभर जाड थर, विटेसारखा लाल आणि विटेहून कडक. तो नळ्यांत बसायचा, झडपांत बसायचा, ढवळणाऱ्या पात्यांवर बसायचा. हंडा थंड करून, धुऊन, झाकण काढून कुणीतरी आत उतरायचं आणि छिन्नीने तो फोडून काढायचा. ते कुणीतरी म्हणजे तुम्ही. मला कामावर घेतलं होतं ते हा थर धरूच नये म्हणून काही करता येतं का, हे पाहायला.

पहिल्या दिवशी साहेबांनी आपली ओळख करून दिली. "हे तांडेल, आमचे फोरमन. ह्या नवीन केमिस्ट." तुम्ही मला वरपासून खालपर्यंत पाहिलंत आणि लाकडी हातोडा माझ्या हातात दिलात. "मॅडम, मारा बघू हंड्यार. हळू." मी मारला. "आता हयसर." तिथेही मारला. "फरक कळलो?" मला कळला नव्हता. तुम्ही हसला नाहीत. रोज चहाच्या वेळी मला हातोडा द्यायचात, आणि महिन्याभराने एकदा मी म्हटलं, "इथे जाड आहे, आवाज बसका येतो." तेव्हा तुम्ही बाबीकडे वळून म्हणालात, "बाय तयार झाली." त्या दिवसापासून चारचौघांत मी मॅडम आणि एरवी बाय.

पाण्याची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. मे महिना, बोअरिंग आटलेलं, टँकरने पाणी येत होतं, आणि थर एकाएकी दुप्पट वेगाने धरायला लागला. मी आठ दिवस तेजाबाचं प्रमाण तपासत बसले होते. तुम्ही टँकरच्या नळाखाली ओंजळ धरलीत, एक घोट घेतलात आणि थुंकलात.

"खारा आसा ह्या. खाडीकडला पाणी."

"दत्तादा, गोड पाण्याचं लिहून दिलंय त्यांनी."

"लिवन दिल्यान म्हणान पाणी गोड होता काय? माजो सगळो जलम दर्यार गेलो, माका शिकवतंस?"

मी जरा रागानेच नमुना घेऊन प्रयोगशाळेत गेले. चाचणीनळीत सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकल्याबरोबर पाणी दह्यासारखं पांढरं फुटलं. मीठ असलं की हा थर लवकर धरतो आणि जास्त कडक होतो, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. वाचलेलं असून मला सुचलं नव्हतं. मी बाहेर येऊन सांगितलं, तर तुम्ही टँकरवाल्याला आधीच परत पाठवून मोकळे झाला होतात.

आणि तो काट्याचा दिवस. त्याबद्दल आपण नंतर कधी नीट बोललोच नाही. हंडा सलग बावीस दिवस चालला होता. दोनच दिवसांनी पैसे लावणारी मुंबईची माणसं पाहायला यायची होती आणि तोपर्यंत तो बंद पडता कामा नये असं साहेबांनी बजावलं होतं. सकाळी अकराच्या सुमाराला तुम्ही माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिलात.

"बाय, काटो हलणा नाय."

दाब दाखवणारे दोन काटे होते आणि दोन्ही एकच आकडा दाखवत होते, अगदी हवा तोच. मी तसं म्हटलं.

"म्हणानच सांगतंय. चालू हंड्यार काटो वायच थरथरताच. ह्यो सकाळपासून मेल्यासारखो आसा. नळी भरली, थरान. आत दाब किती आसा ता आता कोणाक म्हायत नाय."

मी काट्यांसमोर जाऊन उभी राहिले. माझ्या कानात नुसती वाफेची शीळ. दोन्ही काटे एकाच नळीवर आहेत, नळी बुजली तर दोन्ही एकदम खोटं बोलतील, हे मला त्या क्षणी कळलं. शेडमध्ये आम्ही नऊ माणसं होतो. साहेबांना विचारायचं तर ते कणकवलीला गेले होते. मी म्हटलं, "वाफ बंद करा. सगळ्यांना बाहेर काढा." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. बाकीचे निघाले. तुम्ही मात्र झडप बंद करून, तिचं चाक पुन्हा एकदा आवळून, मग आलात. तेवढ्या वेळात मी तुमच्या पाठीकडे बघत होते आणि मनात एकच, आता, आता, आता.

काही झालं नाही. दोन दिवसांनी हंडा उघडला तेव्हा ती नळी दगडासारखी भरलेली होती. जादा दाब बाहेर सोडणाऱ्या झडपेचं तोंड करंगळी जाईल एवढंच उरलं होतं. साहेब आधी माझ्यावर ओरडले होते, "कुणाला विचारून बंद केलंत?" मी म्हटलं होतं, "मी केलं. माझी सही आहे." नळी पाहिल्यावर ते सरळ गाडीत जाऊन बसले. तुम्ही शेडमागे जांभ्या दगडावर बसून विडी पेटवायला गेलात आणि तीन काड्या वाया घालवल्यात. मी शेजारी बसले. तुम्ही म्हणालात, "माका वाटला तू सांगशीत, वायच थांबा, सायबांका येवंदे." एवढंच. पण वहिनींना घरी जाऊन काय काय सांगितलंत ते मला नंतर कळलं, कारण पुढच्या वेळी मालवणला तुमच्या घरी आले तेव्हा त्यांनी माझ्या ताटात सरंगा माशाचे चार तुकडे वाढले आणि म्हणाल्या, "ह्येंच्या बाजून उभी रवलंस, तुका जेवक घालूक नको?"

त्या दिवसानंतर थर थांबवण्याचा मी ध्यासच घेतला. आधी मला तो प्रयोग वाटायचा. नंतर भीती वाटायला लागली. हंडा चालू असला की मी दर तासाला काट्यांपाशी जायचे, ते थरथरताहेत ना ते बघायला. रविवारी खोलीवर असले तरी कान तिकडे.

निकेल काढून झाल्यावर उरलेली मातीच थोडी परत हंड्यात सोडायची, असं माझं म्हणणं होतं. तिच्या कणांवर नवा थर धरेल, भिंतीवर धरणार नाही. मी तुम्हाला खडीसाखरेचं उदाहरण दिलं. पाकात दोरा सोडला की साखर दोऱ्यावर धरते. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "आणि तो दोरो पंप कसो ढकलतलो?"

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते कधी मिटलं नाही. राबडी दाट झाली की पंपावर ताण येणार, ढवळणारी पाती कण्हणार, हे तुमचं खरं होतं. मी ऐकलं नाही. तिसऱ्याच दिवशी पंपाचं सील फुटलं आणि तेजाबाची राबडी तुमच्या बुटांवर आली. मी पाणी ओतत होते आणि तुम्ही मला धीर देत होतात, "बूट गेले गो, पाय आसत." मग तुम्हीच मार्ग काढलात. आधी थोडी माती, आठवड्याने आणखी थोडी, पंपाचा आवाज ऐकत ऐकत. पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत हंडा किती वेळा उघडला आणि तुम्ही किती वेळा आत गेलात! प्रत्येक वेळी भिंती अगदी स्वच्छ हव्यात हा माझाच हट्ट. जुना थर जरा जरी राहिला तरी नवा त्यालाच धरून वाढतो. तुम्ही लाल धुळीने माखून बाहेर यायचात. मी झाकणातून बॅटरी मारून बघायचे आणि म्हणायचे, "दत्तादा, वरच्या कोपऱ्यात हाताएवढा डाग राहिलाय." तुम्ही परत आत. छिन्नीचा आवाज, मग खोकला, मग छिन्नी. तो खोकला मला ऐकू येत होता. मी वहीत वेळ लिहीत होते.

पाचव्या महिन्याअखेर तुम्ही आतून हात बाहेर काढलात. हातात थराचा तुकडा होता, नखाएवढा पातळ. "बाय, ह्या बघ. पापड." सगळे हसले, मी रडले. तुम्ही बाहेर येऊन तो तुकडा बोटांनी मोडलात आणि तेव्हाही तुमचं म्हणणं सोडलं नाहीत. "कमी झालो, बरा झाला. पण जावचो नाय. तू म्हणतंस त्येका येवंकच देवचा नाय. मी म्हणतंय तो येतलोच, आपण तयार रवाक व्हया." मी म्हटलं, "अजून सहा महिने द्या, तुम्हाला आत उतरावंच लागणार नाही."

सहा महिने काय, पुढेही तुम्ही उतरतच राहिलात. कमी वेळा, पण उतरलात. मग निकेलचे भाव पडले, मुंबईची माणसं यायची थांबली आणि एके दिवशी शेडला कुलूप लागलं. मी कुडाळला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत लागले. तुम्ही मालवणला भावाच्या होडीवर गेलात.

गेल्या दिवाळीत मी आले तेव्हा तुम्ही मला स्टँडवर सोडायला निघालात. वाटेत तीन वेळा थांबलात. एकदा होडी दाखवायला, एकदा कुणाचं तरी नवं घर दाखवायला, एकदा नुसतेच, हात कंबरेवर ठेवून. तिसऱ्या वेळी दाखवायला काही नव्हतं. मला कळलं होतं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही काय सांगितलं असतं याची मला भीती वाटली, आणि एस.टी. लागली होती.

आता बाबीचं सांगते. एक्स-रे पाहिल्यावर मला त्याचीच धास्ती बसली. तो बांद्याजवळ असतो, काजूची बाग करतो. मी शोधत गेले. तो मला बघून हरखला, पण दवाखान्याचं नाव काढताच म्हणाला, "माका काय एक जाल्ला नाय, मॅडम. उगाच खंय भायर काढतास?" मी त्याच्या बायकोला बाजूला घेऊन तुमचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गोव्याला गेलो. फोटो काढून झाला आणि बाहेर बाकावर दोन तास बसलो. दार उघडलं की मी उठायचे. बाबीची बायको माझ्याकडे बघायची, कारण मला काहीतरी माहीत आहे हे तिला कळत होतं.

डॉक्टर म्हणाले, आत्ता तरी स्वच्छ आहे. दर वर्षी तपासून घ्या. मी त्यांना तुमचाही एक्स-रे दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. धुळीने असं होऊ शकतं म्हणाले. विडी ओढत होते का, विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी खांदे उडवले. म्हणजे ते मला कधीच नक्की कळणार नाही, दत्तादा. कधीच नाही.

परतताना बसमध्ये बाबी खिडकीतून बाहेर बघत होता. मग म्हणाला, "मॅडम, तुमका म्हायत होता मा? मास्क एकच बरो होतो."

"दोन होते."

"एकाची जाळी फुटलली, पयल्याच वर्सा. दत्तादा बरो मास्क माका देयत. आपण वलो पंचो तोंडाक बांधीत. मी म्हणी, आज तुमी घ्या. तर म्हणत, तुजी पोरां ल्हान आसत, गप घाल."

 घरी आल्यावर मी त्या वह्या पुन्हा उघडल्या.

काल मी वहिनींकडे आले ते सगळं सांगायचं ठरवूनच. त्या मागच्या दारात बसल्या होत्या. मी समोर जमिनीवर बसले आणि सांगितलं. तुम्ही आत उतरायचात ते, थर फोडायचात ते, डाग राहिला म्हणून मी तुम्हाला परत आत पाठवायचे ते, मास्कचं आणि ओल्या पंच्याचं. तुम्ही त्यांच्याशी कधी आत उतरण्याबद्दल बोललाच नव्हतात. त्या समजत होत्या की तुम्ही बाहेर उभे राहून माणसांवर देखरेख करता.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "ह्या तू माका कित्याक सांगतंस? त्येंका सांग."

"ते आता कुठे आहेत, वहिनी?"

"नाय तर नाय. तरी सांग." मग म्हणाल्या, "आणि त्या बाबीक दर वर्सा घेवन जा. चुकव नको."

मी उठले तेव्हा त्यांनी मला जेवायला थांब म्हटलं नाही. पहिल्यांदाच.

म्हणून हे लिहायला बसले. बाबीला दर वर्षी नेईन, पुढच्या वर्षीची तारीख घेतलेली आहे. पण एक गोष्ट काल वहिनींनासुद्धा सांगू शकले नाही.

नव्या मास्कसाठी तुम्ही मला कागद लिहून दिला होता. वळणदार अक्षरात, कार्बन लावून, खाली सही. माझी सही होऊन तो साहेबांकडे जायचा होता. मी म्हटलं होतं, "दोन महिने थांबा दत्तादा, माती परत सोडायचं जमलं की आत जायची वेळच येणार नाही." तुम्ही "बरा" म्हणालात आणि पुन्हा विषय काढला नाहीत. तुम्हाला वाटलं असेल साहेबांनी नाही म्हटलं. साहेबांपर्यंत तो गेलाच नाही. माझ्या खणात प्रयोगाच्या कागदांखाली राहिला. कारखाना बंद होताना खण रिकामा करायला बसले तेव्हा तो हाताला लागला. तुम्ही बाहेर माझ्या पुस्तकांची खोकी बांधत होतात. मी दाराकडे पाहिलं आणि तो फाडून टाकला.

उद्या पहिल्या एस.टी.ने मालवणला येते आहे. वहिनींना एवढं सांगायचं राहिलंय.